गुरुवारची लाल रेघ

८ जानेवारी, गुरुवार
वत्सला मेश्राम बाई काल धंतोलीच्या दवाखान्यात वारल्या. मुलीचा, सुजाताचा, फोन. रविवारी अकराला पुण्यानुमोदन, बौद्ध रीतीची श्रद्धांजली सभा. "सर, तुम्ही अकरा वर्षं आईचे हेडमास्तर होते. दोन शब्द बोला ना." हो म्हणालो. प्रश्न पुरता ऐकण्यापूर्वीच.

९ जानेवारी
भाषणाचा मसुदा. पहिले वाक्य : 'बाई कर्तव्यनिष्ठ होत्या.' प्रमाण द्यावे लागेल. प्रमाण हे की, शाळेपूर्वी त्या सक्करदरा तलावामागच्या वस्तीत दारोदार जात आणि धाकटी भावंडे सांभाळायला घरी ठेवलेल्या मुलींना वर्गात आणत. त्यामुळे रोज पाच-सात मिनिटे उशीर. आणि अकराच्या घंटेला मस्टरवर शेवटच्या सहीखाली लाल रेघ ओढणारा मी. रेघेखाली सही म्हणजे लेटमार्क. तीन लेटमार्कांना अर्धी रजा.

एकदा म्हणाल्या, "सर, पोरी आणाले जातो मी. पाच मिनिटं रेघ थांबवा."
मी : "अपवाद केला की नियम उरत नाही." कॉलेजात शिकलेले तर्कशास्त्र.
"मंग ओढा. वाकडी नका ओढू फक्त." हसत गेल्या. दाराशी तीन पोरी उभ्या होत्या.

गोपनीय अहवालात दर वर्षी माझ्या अक्षरात : 'अध्यापन उत्तम. वक्तशीरपणा असमाधानकारक.' आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी शिफारस केली नाही. एकदाही नाही.

मसुदा येथे थांबला.

१० जानेवारी
दु. ४, सुजाताकडे. वस्तीतली मंदा, बाईंची विद्यार्थिनी, आता अंगणवाडी सेविका, चहा घेऊन आली. "बाईनं मले कान धरून नेलं होतं, सर. माय म्हणे, पोराले कोण पाहीन? बाई म्हणे, आण त्यालेबी." जमलेल्या बायका हसल्या. त्या भावाला वर्गात बसवल्याबद्दल मी बाईंकडून लेखी खुलासा मागवला होता. सांगितले नाही.

निघताना सुजाताला विचारले, आई माझ्याविषयी काय म्हणत? विचारायला नको होते.
"वाईट नाही बोलली कधी. फक्त म्हणे, सर गुरुवारी पेनाचं टोपण हळू काढतात."

जोशी मास्तर गुरुवारी मठातून येत. अकरा वाजून दहा मिनिटे. त्यांची सही होईपर्यंत मी चष्मा पुसत असे, पेनात शाई पाहत असे. याला मी अपवाद म्हटले नाही. काहीच म्हटले नाही. जोशी आमच्यातले. हा शब्द आज प्रथम लिहिला. तेव्हा त्याची गरजच पडली नव्हती.

म्हणजे गुरुवारी बाईंची सहीही रेघेच्या वरच असणार. मला ते कधी दिसले नाही. त्यांना दर आठवड्याला दिसत होते.

११ जानेवारी, रविवार, सकाळ
दोन कागद लिहिले. एकात कर्तव्यनिष्ठा, दुसऱ्यात गुरुवार. दुसरा वाचला तर बाईंचा दिवस माझ्या कबुलीचा होईल. न वाचला तर तो आणखी एक गोपनीय अहवाल. दोन्ही पक्षांत दोष आहे. पण असा दोष काढत बसणे, हेही टोपण हळू काढणेच नव्हे काय...

दोन्ही कागद खिशात.

दहा पन्नास. ऑटो अजून नाही. सुजाताचा फोन : "सर, घाई नका करू. उशीर झाला तरी चालते. आम्ही थांबतो तुमच्यासाठी."

त्यात टोमणा शोधला. नव्हता.

ऑटो आला.