सलूनवाला बेपत्ता

४ मार्च, सकाळ
सलूनला कुलूप. सलूनवाला गायब. माझ्यासारख्या जिवलग मित्राला न सांगता! ड्यूटीचा बराचसा वेळ मी त्याच्याच खुर्चीत बसतो. पंखा, पेपर आणि जनसंपर्क. नक्की घातपात. आठवड्यात छडा लावणार. प्रमोशन पक्कं.

५ मार्च
त्याच्या बायकोची चौकशी. रडली नाही. भाजी निवडत म्हणाली, येतील की. संशय बळावला. परसात माती ताजी खणलेली. उकरून काढली. कांद्याची रोपं. परत लावून दिली, बहुधा उलटी.

७ मार्च
गाव काहीतरी लपवतंय. मी दिसलो की बोलणं बंद. दरारा आहे म्हणा माझा. शिंप्याला खडसावलं. गळ्यात टेप घालून खाली बघत हसत होता. निर्ढावलेला माणूस. दुकानातला पंखा मात्र छान.

९ मार्च
जबरदस्त धागा! शिंपी, पोस्टमन, मास्तर, सगळ्यांचे केस नुकतेच कापलेले. ओळख लपवायला, दुसरं काय. टोळी मोठी आहे. माझे केस कॉलरला टेकलेत. बायको म्हणते, साहेब यायच्या आत कापा. इथे माणूस गायब आणि हिला केसांचं पडलंय.

११ मार्च
साहेब आले. टोळीचं सविस्तर सांगितलं. ते माझ्या केसांकडेच बघत होते. परवापर्यंत माणूस सापडला नाही तर बदली म्हणाले. जेवण गेलं नाही. खरं म्हणजे करमतच नाही. माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा तो एकटाच होता.

१२ मार्च
छडा लागला. बायकोने लावला. वाढता वाढता म्हणाली, "अहो, नदीपलीकडे त्याच्या मेहुण्याच्या पडवीत केस कापत बसतो तो. अख्ख्या गावाला ठाऊक आहे."
कारण विचारलं.
"दुकानात खुर्ची एकच, तिच्यात दिवसभर तुम्ही. गिऱ्हाइकांनी काय उभ्याने दाढी करायची? आणि पोलिसाला ऊठ म्हणणार कोण?"
मग मला आधी का नाही सांगितलं? म्हणाली, तुम्ही विचारलंत कुठे.

१३ मार्च
नदीपलीकडे गेलो. पडवीत निम्मं गाव. मला बघून सलूनवाल्याच्या हातातली कात्री थांबली. मी म्हणालो, केस कापायचेत. रांगेत उभा राहिलो. फार वाईट वाटत होतं.
माझे केस झाले. त्याने कापड झटकलं, घसा खाकरला.
"हवालदारसाहेब, आता उठायचं."
सगळे श्वास रोखून बघत होते. उठलो.
रिपोर्ट लिहिला: बेपत्ता इसम शिताफीने शोधून काढला. बदली टळली. दुकान उद्या उघडतोय म्हणाला. आता त्याला त्रास द्यायचा नाही, ठरलं.
उद्यापासून शिंप्याकडे बसेन.