वस्तरा कॉलरच्या खाली

तीर्थरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार. (माझ्या कमरेमुळे साष्टांग हल्ली कागदावरच जमतो, तो गोड मानून घ्यावा.) आम्ही इकडे सगळे धडधाकट आहोत असं लिहिणार होते, पण महिन्यापूर्वीच्या एका सोमवारपासून माझं काळीज जागेवर नाही, तेव्हा खोटं कशाला लिहू. तुमचे गुडघे कसे आहेत? पुढच्या महिन्यातली शस्त्रक्रियेची तारीख पक्की झाली का? आधी उजवा की आधी डावा, हे डॉक्टरांनी ठरवलं की तुम्हीच त्यांना ठरवून दिलंत? भाऊजींनाही माझा नमस्कार सांगा, मात्र त्यांनी कानाचं यंत्र लावलेलं असेल तेव्हाच सांगा, नाहीतर वाया जातो.

आता मुद्द्यावर येते. वन्सं, तुमचा भाचा पायांवरचे केस काढतो.

वाक्य पुन्हा वाचू नका, मी लिहिलं ते बरोबरच आहे. चौतीस वर्षांचा घोडा, पुलांचे नकाशे काढतो, ऑफिसात हाताखाली चार माणसं आहेत, आणि दोन्ही पाय घोट्यापासून मांडीपर्यंत सोललेल्या काकडीसारखे. कारण काय, तर सायकल. दर रविवारी पहाटे उठून शंभर शंभर किलोमीटर जातो आणि जिथून निघाला तिथेच परत येतो, हे मी आजवर निमूट सहन केलं. पण सायकल चालवायला केस काढावे लागतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या वेळी दूधवाला, पोस्टमन, मास्तर, सगळे केसांसकट सायकल चालवत होते आणि वेळेवर पोचत होते.

हे मला कसं कळलं ते ऐका. सोमवारी आपलं दुकान बंद असतं. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण माझा सोमवारचा नेम चुकलेला नाही. सकाळी दहाला जायचं, शटर अर्धं वर करायचं आणि ह्यांच्या खुर्चीत (खिडकीकडची तिसरी, जिच्यावर गिऱ्हाईक बसवायचं नाही असं मी बजावून ठेवलं आहे) बसून आठवड्याभराची वर्तमानपत्रं वाचून काढायची. मी शिकले ती याच खुर्चीत. लग्न होऊन आले तेव्हा शाळा चौथीत सुटलेली, सही करताना जीभ बाहेर यायची. गिऱ्हाइकांनी टाकून दिलेली मासिकं वाचत वाचत इथवर आले. फक्त ह्यांना वस्तऱ्यावरचा फेस पुसायला कागद लागायचा आणि ते शेवटच्या पानापासून फाडायचे. त्यामुळे मला कितीतरी खून माहीत आहेत, पण एकही खुनी माहीत नाही.

त्या सोमवारी चष्मा दुकानातच राहिला होता. चष्म्याशिवाय मला घड्याळ म्हणजे नुसती भाकरी दिसते, म्हणून साडेसहालाच निघाले. पाहते तर शटर आधीच अर्धं वर आणि आत दिवे. बाहेर भिंतीला सात-आठ सायकली एकमेकींवर रेललेल्या आणि एकीच्या दांड्याला आपल्या पोराचं पिवळं हेल्मेट. मी वाकून आत डोकावले. वन्सं, आत नुसते पाय! खुर्च्यांच्या हातांवर टाकलेले, बाकावर पसरलेले, पुरुषांचे पाय, आणि गुडघ्यापासून खाली सगळे पांढरेफटक. मला ते प्लास्टर वाटलं. आदल्याच आठवड्यात घाटात सायकलवाल्यांना ट्रकने धडक दिल्याची बातमी वाचली होती (पान फाटलेलं, ह्यांची ती सवय दुकानाला अजून आहे; पुढे काय झालं ते कळलं नाही). जिवाच्या आकांताने ओरडले, "अहो धावा, पोरं चिरडली!"

आपली गल्ली तुम्हाला माहीत आहे, एरवी हाक मारली तर कुणी खिडकी उघडत नाही. पण त्या दिवशी समोरचे शिंपीमामा गळ्यात टेप घालून आले, दुधाच्या रांगेतल्या बायका पिशव्यांसकट आल्या, आणि कुणीतरी तर चक्क बाज उचलून आणली. मामांनी शटर खाडकन वर केलं.

आखूड चड्ड्यांतले आठ पुरुष, पायांना दाढीचा फेस. दातांचे डॉक्टर, ज्यांनी माझी अक्कलदाढ काढली, ते एक पाय चकचकीत आणि एक पाय अस्वलाचा अशा अवस्थेत उभे राहून मला नमस्कार करत होते. आयकराची कामं करणारे वकील ह्यांच्या खुर्चीत बसलेले. आपला कारागीर, ज्याला आपण मुनी म्हणतो, (एकोणीस वर्षांत "पुढचे" आणि "झालं" याखेरीज त्याने शब्द उच्चारलेला नाही,) तो मागे गरम पाण्याचं भांडं घेऊन उभा. आणि वकिलांच्या पोटरीपाशी गुडघे टेकून तुमचा भाचा. त्याच्या हातात वस्तरा. साधा पातं बदलायचा नव्हे हो. ह्यांचा. काळ्या मुठीचा.

मी मागे न बघता बाकावर बसले. फेसाच्या वाटीत बसले.

शिंपीमामांनी सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि गर्दीकडे वळून म्हणाले, "चला, जा घरी. चिरडलं कुणीच नाही, नुसतं भादरलंय." बाज परत गेली. दुधाच्या बायका मात्र बराच वेळ गेल्या नाहीत.

आरशावरची पाटी तुम्हाला आठवते ना? ह्यांनी स्वतः रंगवलेली, 'वस्तरा कॉलरच्या खाली चालणार नाही. आग्रह करू नये.' एका पैलवानाने पाठ भादरून मागितली होती, तेव्हाची. ह्यांनी त्याला सांगितलं होतं, मी माणसाचं तोंड करतो, बाकीचं ज्याचं त्याने बघावं. पैलवान चिडला, खुर्चीची पाठ मोडून गेला, पण हे हलले नाहीत. त्या पाटीखाली आठ जण फेस लावून उभे. मी नुसतं वर बोट दाखवलं. सगळ्यांनी पाटी वाचली, जणू पहिल्यांदाच दिसत होती.

पण मी वाचणारी बाई आहे. दुसऱ्या बाजूचं पान फाटलेलं असलं की काय होतं हे मला ठाऊक आहे. म्हणून म्हटलं, बोला, का करता हे? डॉक्टर म्हणाले, पडल्यावर जखम धुवायला सोपी जाते आणि पट्टी उपटताना जीव जात नाही. मी म्हटलं, म्हणजे पडायचं हे घरून ठरवूनच निघता? दुसरा म्हणाला, मालिश नीट होते. वकील म्हणाले, वारा अडत नाही, तासाला काही सेकंद वाचतात. वन्सं, त्या खुर्चीचे हात त्यांच्या पोटाला दोन्हीकडून लागत होते. पोटरीवरचे केस वाऱ्याला अडतात आणि हे अडत नाही होय, असं मी विचारल्यावर त्यांनी टॉवेल जरा वर ओढून घेतला. कोपऱ्यातले गणिताचे मास्तर खाली बघत म्हणाले, "काकू, खरं सांगू का? पोटरी उठून दिसते." एवढं एकच उत्तर मला पटलं.

मग तुमच्या भाच्याकडे वळले. त्याला विचारलं, तर म्हणाला, "घरी सांगतो."

"इथेच सांग," मी म्हटलं. "बापाचा वस्तरा लोकांच्या तंगड्यांना लावताना हात थरथरला नाही तुझा? जिवंत असते तर काय वाटलं असतं त्यांना?"

तेव्हा मागून आवाज आला. आधी मला कळेचना कोण बोलतंय. मुनी बोलत होता. "मालकांनीच मोडलाय तो नियम."

वन्सं, मी दोन धक्के एका सकाळी सोसले होते, हा तिसरा. आणि तो तुमच्याही वाट्याचा आहे, म्हणून पत्र हातात घट्ट धरून वाचा.

ह्यांच्या ऑपरेशनची सकाळ आठवते? आपण दोघी थर्मास भरायला खाली गेलो होतो. झाकण हरवलं आणि तुझ्याकडे होतं, नाही तुमच्याकडे होतं, यावरून कँटीनच्या दारात आपण अर्धा तास भांडलो. तेवढ्यात वर काय झालं ते आता पोराने सांगितलं. हृदयाला जोडायला पायातली शीर काढायची होती, म्हणून वॉर्डातला माणूस पाय साफ करायला पातं घेऊन आला. ह्यांनी त्याची पातं धरायची पद्धत पाहिली आणि त्याला दारातूनच परत पाठवलं. मुनीला आदल्या संध्याकाळीच वस्तरा आणायला सांगून ठेवलं होतं म्हणे. नर्सबाईंनी बडबडत का होईना, तो उकळून दिला. ह्यांच्या हाताला सलाईन. मग मुनी पुढे झाला तर त्यालाही थांबवलं आणि पोराकडे बघून म्हणाले, "तू कर."

ज्या पोराला उभ्या जन्मात वस्तऱ्याला हात लावू दिला नाही! (दहावीत एकदा त्याने नुसता उघडून पाहिला, तर हे दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. शिक, म्हणायचे, हे तुझ्यासाठी नाही.) त्याने पलंगाशी गुडघे टेकून बापाचे पाय केले. हे पडल्या पडल्या सांगत होते, कातडी ताणून धर, केसांच्या ओघाने जा, घाई कुणाला आहे. झाल्यावर ह्यांनी नडगीवरून तळहात फिरवला, उलटा फिरवला, जसा गिऱ्हाइकाच्या गालावरून फिरवायचे, आणि म्हणाले, "बरा हात आहे. उगाच इंजिनिअर झालास."

मग आपण बिनझाकणाचा थर्मास घेऊन वर आलो. हे पांघरूण ओढून पडले होते. तुम्ही विचारलंत, हसतोस काय रे? ते काही बोलले नाहीत. दुपारनंतर तर बोलायचे उरलेच नाहीत.

"सायकल मी नंतर घेतली, आई," पोरगा म्हणाला. "बाकीचे वाऱ्यासाठी करतात. बाबांनी मला शिकवलेलं तेवढं एकच काम आहे."

मी चष्मा शोधायच्या निमित्ताने ड्रॉवरमध्ये डोकं घातलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. (चष्मा वरच, आरशापाशी होता. सगळ्यांना दिसत होता. कुणी सांगितलं नाही, हे त्यांचं चांगुलपण.)

तर वन्सं, असं आहे. एवढं सगळं ऐकूनही माझा धक्का ओसरलेला नाही. पाटी ती पाटी. आज पोटरी, उद्या पैलवान परत येईल. मला त्याला रागवायला जमत नाही, तोंड उघडलं की तोच तळहात डोळ्यांपुढे येतो. तुम्ही आत्या आहात, थोरल्या आहात, तुमचा त्याला धाक आहे. तेव्हा त्याला चार ओळींचं खरमरीत पत्र लिहा, की घराण्याची आणि दुकानाची काही रीत आहे.

जपून असा. जिने चढू नका.

तुमची,
वहिनी

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी पुन्हा वाचलं. त्याला खरमरीत पत्र लिहू नका. साधंही या विषयावर लिहू नका.

दुसरा ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. डॉक्टरांचा दुसरा पाय तसाच होता आणि फेस वाळत चालला होता. अर्ध्या पायाने माणसाला दवाखान्यात कसं पाठवायचं? पोरगा डोळे पुसत होता, मुनी एक वाक्य बोलून दमला होता. तेव्हा तो पाय मी केला. चष्मा लावून, केसांच्या ओघाने. एकही ओरखडा नाही. आता सोमवारी सकाळी सहा ते आठ दुकान उघडं असतं. तिसऱ्या खुर्चीतही बसवतो. पाटी काढलेली नाही, पण मास्तरांनी तिच्यावर टॉवेल वाळत घालायची युक्ती काढली आहे.

तिसरा ता. क. पोटऱ्यांनी वस्तऱ्याची धार गेली. ह्यांची आठवण म्हणून तुम्ही नेलेला, धार लावायचा चामड्याचा पट्टा कपाटात नुसता पडून असेल, तर तो काढून ठेवाल का? पोस्टाने पाठवू नका, मीच न्यायला येते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच येते. गुडघ्याला तिथेही पातं लावतात म्हणे, आणि ती माणसं पातं कसं धरतात ते तुमच्या भावाने पाहिलं होतं. नर्सबाईंची परवानगी मी काढीन, वस्तरा उकळून घेईन. लाजू नका, मीही आता पुष्कळ पाय पाहिलेत. येताना थर्मास आणते. झाकण माझ्याच पिशवीच्या अस्तरात होतं, चार वर्षं.