रिमोटमधले सेल

अहो,

आत जाऊ नका, म्हणून ही चिठ्ठी गाडीच्या दारावरच चिकटवलीय. गॅसचा हीटर तर मुळीच लावू नका.

पलंगाजवळच्या, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूच्या अलार्मचे सेल तुम्ही टीव्हीच्या रिमोटला घातले होतेत. आज मी ते परत जागेवर बसवले, तर तो जो कोकलायला लागला! हीटर आणि गॅसची टाकी बंद केलीय, खिडक्या सताड उघड्या आहेत. खालच्या, गॅसगळतीच्या अलार्मला टेकवलेले तुमचे बूटही बाहेर काढलेत. तो झाकायचा नसतो, कितीदा सांगितलं. मी समोर, या गाड्यांच्या तळावरच्या कपडे धुवायच्या खोलीत बसलेय.

घर विकून या गाडीत राहायला आल्यापासून माझं डोकं दुखतंय. बाहेर पडले की थांबतं, आत आले की पुन्हा सुरू. तुम्ही म्हणायचात, "तुला इथे राहायचंच नाहीये, म्हणून ही नाटकं." मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

हीटर दुरुस्त झाला की डोकं दुखायचं थांबेल, असं मेकॅनिक फोनवर म्हणाला. थांबू दे बाई एकदाचं.

नाहीच थांबलं, तर मात्र तुमचंच खरं होतं असं समजा.

– मी