पाचवं बदक

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, म्हणून शिलाईमशीनवर बसूनच घालतो आहे, गोड मानून घे). तुझी कंबर आता कशी आहे? इकडे सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत आहेत, बिघडलं होतं ते फक्त गणित.

झालं असं, की माझ्या नातीच्या, म्हणजे ठिणगीच्या, बालवर्गातून चिठ्ठी आली, मुलगी आकड्यांत कच्ची आहे. सूनबाईचा चेहराच उतरला. मी म्हटलं, चाळीस वर्षं मापं घेणारा शिंपी घरात असताना काळजी कसली? (तू तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंस, पण त्या घाईत मला तू आठवली नाहीस.) वाचनालयातल्या बाईंनी चित्रांची पुस्तकं दिली आणि बजावलं, शिकवू नका, नुसतं वाचा, गप्पा मारा. मी अर्थातच शिकवायला बसलो.

पहिल्याच पानावर तळं आणि बदकं. किती? ठिणगी म्हणाली, पाच. मी बोट ठेवून मोजून दाखवली, चार. ती पुन्हा पाच. चार दिवस हेच. माझा आवाज असा चढला, की माप द्यायला आलेले पोस्टमनही बदकं मोजू लागले आणि त्यांच्या मापाच्या चिठ्ठीवर मी ‘बाही : चार बदकं’ लिहून बसलो. पाचव्या दिवशी ठिणगीनं पुस्तक मिटलं आणि कापड बेतायच्या टेबलाखाली जाऊन बसली. जेवायलासुद्धा बाहेर येईना. ताई, खरं सांगतो, एवढ्याशा पोरीला मी पुस्तकाची धास्ती लावली होती.

मग मीही टेबलाखाली शिरलो (शिरणं जमलं, बाहेर काढायला सूनबाई आणि कपडे न्यायला आलेले पोस्टमन दोघंही लागले). म्हटलं, “चुकलो गं. तूच दाखव, पाचवं कुठाय?”

तिनं पुस्तक उघडून गवताआडून डोकावणारी इवलीशी शेपटी दाखवली. “हे लपलंय, आजोबा. चार दिसतात आणि एक लपलंय. मग पाचच ना?”

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, शेपटी होतीच. आता मी ‘किती?’ विचारून थांबत नाही, ‘तुला कसं कळलं?’ हेही विचारतो, आणि ती सांगता सांगता दमत नाही. परवा बालवर्गाच्या बाई स्वतः दुकानात येऊन वर्गासाठी ते पुस्तक मागून घेऊन गेल्या.

तुझा धाकटा भाऊ

ता.क. वाचनालयात या शनिवारपासून मुलांसाठी असाच वाचनाचा तास सुरू होतोय. चौदा मुलं येणार आहेत.

आणखी ता.क. तो तास मी घ्यावा असं वाचनालयातल्या बाईंचं म्हणणं होतं. मी घाबरून तुझं नाव सांगितलं. तुझ्या नावाचा फलकही लागला आहे. शुक्रवारच्या गाडीनं ये.

शेवटचा ता.क. ठिणगीला विचारलं, आत्याआजीला जमेल का गं? म्हणाली, जमेल, मी शेजारी बसते.