तीन वॅट पुरेत

४ फेब्रुवारी
ट्यूब ॲम्प्लिफायर घरी आला. दर बाजूला तीन वॅट. ऑफिसातले लोक शंभर-शंभर वॅटच्या गप्पा मारतात. मारू देत. काचेच्या नळ्या पेटल्या की गाणं अर्धं तिथेच ऐकून होतं. बायकोने विचारलं, एवढ्याशा ताकदीत ऐकू येणार का. म्हटलं, योग्य स्पीकर असला की तीन वॅट पुरेत. आता फक्त योग्य स्पीकर आणायचा. बजेट ठरवलं आहे: बायकोला न अडखळता सांगता येईल एवढा आकडा.

५ फेब्रुवारी
घरातले जुने छोटे स्पीकर जोडून पाहिले. आवाज नाही असं नाही, पण आहे असंही नाही. नॉब पार शेवटपर्यंत फिरवला. कारण सापडलं: सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिला तर स्पीकर किती डेसिबल आवाज काढतो, ते. यांची चौऱ्याऐंशी. आळशी जात. बायको आतून येऊन म्हणाली, जरा कमी करा. तिला बास सोसत नाही.

११ फेब्रुवारी
दारावरची बेल बिघडली. जुन्या सामानाचा दुकानदार स्पीकर दाखवायला आला होता, बेल दाबून दाबून परत गेला. संध्याकाळी नवी बेल आणली. तीही तसलीच. हल्ली कुठल्या वस्तूत दम राहिलेला नाही.

२० फेब्रुवारी
दुकानदाराकडून फुलरेंज स्पीकर आणले, जाड-बारीक सगळे सूर एकाच पडद्यातून काढणारे. ब्याण्णव डेसिबल. तेवढ्याच आवाजासाठी एरवी सहापट वॅट लागले असते. लोक वॅट विकत घेतात, मी डेसिबल घेतले. खोकी प्लायवुडची, स्वतः केली. एक दुसऱ्यापेक्षा बोटभर उंच झालं आहे. त्यामुळे डावं-उजवं पटकन ओळखता येतं.

२३ फेब्रुवारी
फुलरेंज तसे बरे. पण गायिकेचा ‘स’ कुठे जातो? साजणाचा आजणा होतो. ‘श’चीही तीच गत. दुकानदाराला फोन केला. लाइन खराब होती, तो काय म्हणाला ते नीट कळलं नाही. मी ‘बरं’ म्हणालो.

१ मार्च
त्या ‘बरं’मुळे आज स्पीकरची आणखी एक जोडी घरी आली. ‘स’ यांतही नाही. बायको काही बोलली नाही. किंवा बोलली असेल.

९ मार्च
ऑफिसात गोंधळ. साहेबांनी म्हणे सात खुर्च्या मागवायला सांगितल्या होत्या. मी साठ मागवल्या. साहेब बोलताना शेवटचं अक्षर गिळतात, ही माझी जुनी तक्रार आहे. खुर्च्या जिन्यात रचून ठेवल्या आहेत. वर जायचं तर आडवं होऊन जावं लागतं.

१६ मार्च
खरेदी विभागातून मला रेकॉर्ड रूममध्ये हलवलं. साहेब बरंच काही बोलले, चेहऱ्यावरून कौतुकच असावं. खोली एकदम शांत. खिडकीबाहेर झाड आहे, पण त्यावर एकही पक्षी ओरडत नाही. बसलेले मात्र दिसतात.

२ एप्रिल
सापडले. बंद पडलेल्या सिनेमागृहाचे हॉर्न स्पीकर, अठ्ठ्याण्णव डेसिबल. पडद्यामागे आयुष्य गेलेलं, पण आवाज कडक, असं दुकानदार म्हणाला. हमालांनी दार बिजागरीतून काढून आत आणले. सोफा बाल्कनीत गेला. आकडा सांगताना थोडा अडखळलो. बायको आता स्वयंपाकघरात बसून वाचते. तिथे उजेडही चांगला आहे.

४ एप्रिल
खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर वर आले. कपाटातले कप हलतात म्हणाले. दाद द्यायची एकेकाची पद्धत असते. आग्रहाने आत बसवून आणखी दोन गाणी ऐकवली. लवकर उठले. वयाच्या मानाने घाई फार.

१२ एप्रिल
बायकोचा घसा बसला आहे. ती ग्रंथालयात काम करते. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही, मग घसा बसायचं कारण काय? घरात पुटपुटते, त्रास मला होतो. दोनदा सांगितलं, जरा स्पष्ट बोलत जा. मुलगी बाहेरगावी असते, तिचा फोन आला होता. हल्ली ती आईशीच बोलते, मला फक्त मेसेज करते. मुलींचं तसंच असतं.

२१ एप्रिल
ठरवलं: हॉर्न भिंतीपासून दोन हात पुढे घ्यायचे. घेतले. आता स्वयंपाकघरात जायला बाल्कनीतून वळसा. ‘स’ अजून नाही. दोष बहुधा रेकॉर्डिंगचा. त्या काळच्या गायिकाच ‘स’ म्हणत नसाव्यात.

८ मे
बायकोला घेऊन घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. स्वरतंतूंवर गाठी आल्यात, ओरडून ओरडून. बाईंनी विचारलं, ग्रंथालयात ओरडता कशाला? बायकोने माझ्याकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. मग मला म्हणाल्या, वॅट किती? एवढ्या शिकलेल्या बाईला विषयात रस आहे हे बघून बरं वाटलं. तीन, असं सांगितलं. दोन्ही बाजूंना वेगवेगळे, हेही सांगितलं. बायकोने डोळे मिटून घेतले. बाईंनी वय विचारलं होतं, असं मागाहून कळलं. त्यांनी टॉर्च तिच्या घशातून काढला आणि माझ्या कानात धरला.

नंतर मला एका खोलीत बसवलं. भिंतींना जाड गादी, बाहेरचा आवाज शून्य. अशी खोली घरी हवी. कानावर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच वाजलं नाही. यंत्र बंद असावं. बाई काचेतून बघत होत्या, म्हणून भिडेखातर दोन-तीनदा दाबलं.

मग आलेख हातात दिला. खाली फ्रीक्वेन्सी, बाजूला डेसिबल. वाचायला मला कुणाची गरज नव्हती. दोन रेषा, अर्ध्यापर्यंत बऱ्या आणि पुढे जिन्यावरून गडगडत गेल्यासारख्या. ‘स’ आणि ‘श’ असतात त्याच जागी. असा आलेख असलेला स्पीकर मी दुकानाच्या पायरीवरूनच परत केला असता.

बायकोला तीन आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही.

९ मे
दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं म्हणतो. त्या यंत्राची तपासणी शेवटची कधी झाली कोण जाणे.
बायको बोलत नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. निव्वळ तेवढ्यासाठीच का, ते विचारलं नाही.

१३ मे
दुसऱ्या डॉक्टरचाही आलेख तोच. यंत्र नवीन होतं.

२० मे
कानाची मशीनं लावली. दोन्ही कानांना. घरी येऊन हॉर्न लावले. नॉब नेहमीच्या जागी होता. पहिली ओळ पूर्ण व्हायच्या आत बंद केला. ‘स’ होता. सगळीकडे होता.

खाली जाऊन हेडमास्तरांची माफी मागितली. ते हळू आवाजात म्हणाले, असू द्या. ऐकू आलं. आतून त्यांच्या पत्नी त्याहून हळू आवाजात जे म्हणाल्या, तेही ऐकू आलं.

वर आलो. बायको स्वयंपाकघरात वाचत बसली होती. तिने पान उलटलं. त्याचा आवाज होतो, हे विसरलो होतो. समोरची खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, आता कितीही हळू बोललीस तरी चालेल. तिने मान वर केली, ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा वाचायला लागली.

बोलायची परवानगी मिळाली की पहिल्यांदा काय म्हणेल, याचा अंदाज आहे. तरी ऐकायचं आहे.