किल्वरचा गुलाम

प्रिय चोरटोबा,

याच नावाने लिहिते, कारण गुलामचोरात गुलाम हमखास तुझ्याच हातात उरायचा आणि तू मात्र त्या गावचाच नसल्यासारखा बसायचास. बोटीवर स्वयंपाकी म्हणून निघालास तेव्हा आईने पत्त्यांचा कॅट पुढे केला. घरातून दूर जाणाऱ्याने एक पत्ता उचलायचा, बॅगेच्या झाकणातल्या कप्प्यात ठेवायचा आणि परत येऊन कॅट पुरा करायचा, हा बाबांपासूनचा नेम. कप्पा रिकामा जाता कामा नये. तू मुद्दाम किल्वरचा गुलाम उचललास. म्हणालास, गुलामचोरात एक गुलाम काढूनच ठेवायचा असतो, मी येईपर्यंत दोघी तेवढंच खेळा.

तेच खेळत होतो. मी अजून त्याच लाँड्रीत इस्त्री करते, आईचे गुडघे तिला जिना उतरू देत नाहीत, मग संध्याकाळी दुसरं करणार काय? बोट बुडाल्याचं कळलं तेव्हाही ती रडली नाही. गुलाम त्याच्यापाशी आहे, आणून दिल्याशिवाय राहायचा नाही, असं येईल त्याला सांगत सुटली. मग बंदरावरच्या तुझ्या खोलीचा मालक, तू तिथेच ठेवून गेलेली बॅग पोचवून गेला. मी एकटीनेच उघडली. गुलाम कप्प्यातच होता. आईने बाहेरून विचारलं, आहे का गं? मी नाही म्हणाले आणि पत्ता चादरींच्या घडीत दडवला. तुझा इतका राग आला रे! खिशात घालून गेला असतास तर काय बिघडलं असतं?

काल आई म्हणाली, आज बदामसात खेळू. मी म्हटलं, पत्ता कमी आहे. तिने हात पुढे केला. मी उठून चादरींतून गुलाम काढून दिला. तिनेच पिसले, तिनेच वाटले, आणि गुलाम तिच्याकडेच गेला. किल्वर दश्शीपर्यंत लागलं आणि अडलं. राणी-राजा माझ्या हातात पडून. तिच्याकडे तेवढं एकच पान उरलं होतं, तरी ती पास म्हणत राहिली. रडीचा डाव खेळलो की आपल्याला धपाटे घालणारी आई! मी पानं खाली ठेवली आणि दोघी पोटभर रडलो.

उद्या बोटीची कंपनी सगळ्यांच्या घरच्यांना समुद्रात नेणार आहे, जिथे तुम्ही गेलात तिथपर्यंत. तुझी बॅग कपड्यांसकट पाण्यात सोडायची आहे. गुलाम आई देत नाही, मुठीत धरून झोपली आहे. आणि कप्पा रिकामा जाता कामा नये, म्हणून हे पत्र.

तुझीच,
ताई