'हजेरी'ची किल्ली मदतनिसाला देऊ नये

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने, मुद्दाम कागदावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. एकाचा आग्रह मात्र आहे. त्याबद्दल कलम चारमध्ये. उद्या माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या पतीला द्यावी. हॉलमधला पंखा त्याने आता तरी दुरुस्त करून घ्यावा.

२. केबलची टोके दाबायची पक्कड, टेस्टर आणि स्क्रू-ड्रायव्हरची पेटी मुलीला. पक्कड अक्रोड फोडायला वापरू नये. पूर्वी वापरली आहे.

३. थोरल्या जाऊबाई मला लग्नापासून 'आमची रिपेअरवाली' म्हणतात. माझा बंद पडलेला लॅपटॉप त्यांना द्यावा. (हे क्षुद्रपणाचे आहे. तरी राहू दे.)

४. 'हजेरी' हे मी लिहिलेले सॉफ्टवेअर. कार्यालयांतले सिस्टीम सांभाळणारे लोक ते वापरतात: ते सगळ्या संगणकांची खबर घेते आणि पासवर्ड एकदम बदलते. पाणीपुरवठा, शाळा, रुग्णालये, सगळीकडे आहे. नवीन आवृत्तीवर माझी डिजिटल सही असली की संगणक काही न विचारता ती घेतात. त्या सहीची किल्ली, म्हणजे गुप्त कोड असलेला पेन-ड्राइव्ह, लोखंडी कपाटात आहे.

गेली दोन वर्षे एक मदतनीस इंटरनेटवरून दुरुस्त्या पाठवतो. चेहरा पाहिलेला नाही. काम स्वच्छ, बोलणे गोड. मागच्या आठवड्यात त्याने लिहिले, "शस्त्रक्रियेआधी किल्ली माझ्याकडे दिलीत तर निर्धास्त जाल."

शस्त्रक्रियेचे मी त्याला सांगितले नव्हते.

पती म्हणाला, "अगं, बोलून गेली असशील. फुकटात राबणारा माणूस मिळालाय, देऊन टाक आणि मोकळी हो."

बोलून गेले असेन का? सगळी पत्रे पुन्हा वाचली. कुठेही उल्लेख नाही. पती आणि सर्जन सोडून ही तारीख तेव्हा फक्त रुग्णालयाच्या संगणकात होती. तिथेही 'हजेरी' चालते. तिथल्या सिस्टीमवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, काही नाही, सगळं हिरवं दिसतंय." ते हिरवे दिवे दाखवणारा 'हजेरी'चा फलक त्या मदतनिसाने सुधारून दिला होता, आणि मी वाचून सही केली होती. परवा त्याचा कोड पुन्हा ओळीओळीने वाचला. काही सापडले नाही. मी एका भल्या माणसावर संशय घेत असेन, तर त्याने मला क्षमा करावी. किल्ली त्याला देऊ नये.

५. ती माझ्या जुन्या भागीदाराला द्यावी. आम्ही त्याला नकारघंटा म्हणायचो. माझ्या प्रत्येक दुरुस्तीला तो "का?" विचारी, म्हणून मीच त्याला कामातून काढले. काल फोन केला.

"मरायला टेकलीस तेव्हा आठवलो होय?"

"मरत नाहीये. ऑपरेशन आहे."

"मग मेल्यावर बघू. ती किल्ली मला नको, बाई. डोक्याला ताप."

"म्हणूनच तुला देतेय."

मग तो म्हणाला, "त्या मदतनिसाला हो म्हणालीस का?"

"नाही."

"'नाही'सुद्धा म्हणू नकोस, सावध होईल. शुद्धीवर येईपर्यंत काहीच कळवू नकोस."

मी त्याला 'नाही' असे आधीच कळवून बसले होते. उत्तर लगेच आले होते: "काही हरकत नाही. काळजी घ्या."

६. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येत नाही असे सर्जन म्हणतात. मी टेबलावर असताना किंवा त्यानंतर माझ्या सहीने 'हजेरी'ची कोणतीही आवृत्ती निघाली, तर ती माझी नाही. नकारघंटाने कोणाची परवानगी न मागता ती सही सर्वत्र रद्द करावी. माझ्या आवाजात कोणी फोन करून थांब म्हटले, तरी थांबू नये.

सही: (मृत्युपत्र करणारी)

आमच्यासमोर सही केली:
साक्षीदार १: वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य
साक्षीदार २: मुलीच्या गणिताच्या बाई

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर, फोन बंद करून
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस